फिट येते म्हणून धावायचे नाही काय?

गेल्या महिन्यात सतरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. त्याला फिट येत असे. आपल्याकडे कोणी मिरगी म्हणते, कोणी फेफरे, वैद्यकात अपस्मार. अकोल्याच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी गोळ्या ठरवून दिल्या, त्या तो न चुकता घेतो आणि शेवटची फिट येऊन चौदा महिने झाले. पोरगा पहाटे मंगरूळपीर रस्त्याला धावायला जातो. त्याला मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर धावायचे आहे आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे जमवून मिरगीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे आहेत. २००४ पासून होणाऱ्या या शर्यतीत पुष्कळ धावपटू अशा कामांसाठी निधी जमवतात, हे त्याने वाचलेले. (त्याला विचारूनच हे लिहितो आहे, नाव अर्थातच देत नाही.)

वडिलांनी आधी विचारले, धावल्याने फिट येईल काय? मग मुलाला बाहेर बसवून हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा वर्गणी मागत फिरला तर गावभर होईन ना! घरी लग्नाची पोरगी आहे."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे. मेंदूतल्या पेशींचे काम बारीकशा विद्युतप्रवाहावर चालते. त्यात अचानक गडबड झाली की शरीर आखडते, झटके येतात, शुद्ध हरपते. काही जणांत तर झटके येतच नाहीत, माणूस क्षणभर शून्यात पाहत राहतो, आणि घरचे म्हणतात पोराचे लक्ष नाही. धावण्याने ही गडबड सहसा होत नाही. ती होते गोळी चुकली, रात्रभर जागरण झाले, ताप भरला किंवा दारू घेतली तर. वरातीतले जागरण मला मैदानापेक्षा जास्त धोक्याचे वाटते.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी स्वतः एका मुलीची कबड्डी बंद केली होती. कारण काही नव्हते, नुसती भीती. आज ते आठवले की वाईट वाटते. अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये खेळांची धोक्यानुसार विभागणी प्रसिद्ध केली. धावणे आणि बहुतेक सांघिक खेळ त्यात सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहेत. पोहणे किंवा सायकल चालवणे यांना जपावे लागते. विहिरीत एकट्याने उडी मारणे तर नाहीच. उंच चढाई, मोटारींच्या शर्यती वगैरे दूरच ठेवाव्यात. या मुलाला मी एवढेच सांगितले की अंधारात, वाहत्या रस्त्यावर एकट्याने धावू नको, सोबत कोणीतरी ठेव आणि त्या सोबत्याला तुझा आजार ठाऊक असू दे.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांना जॉन्टी ऱ्होड्स सांगायला नको. १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करताना हवेत झेपावून यष्ट्या उडवणारा तोच. नोव्हेंबर १९९३ मध्ये आपल्या मुंबईत, ब्रेबोर्न स्टेडियमवर, वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने एका डावात पाच झेल घेतले. या माणसाला सौम्य स्वरूपाचा अपस्मार आहे. त्याने तो लपवला नाही, उलट दक्षिण आफ्रिकेतल्या अपस्माराच्या संस्थेसाठी उघडपणे काम केले. दुसरी मारियों क्लिन्ये. अमेरिकेत वाढलेल्या या मुलीला बाविसाव्या वर्षी अपस्माराचे निदान झाले, गाडीचा परवाना गेला, म्हणून ती सायकलने कामावर जाऊ लागली. पुढे फ्रान्सकडून खेळताना १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची रौप्यपदके घेतली.

आता लग्नाचे. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने पसरत नाही, आणि बहुतेकांत तो आनुवंशिकही नसतो. जन्मताना डोक्याला इजा, अपघात, मेंदूज्वर, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेलेल्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेल्या गाठी, अशी कारणे असतात. अनेकदा कारण सापडतच नाही. भावाला फिट येते म्हणून बहिणीचे लग्न अडावे, याला वैद्यकात आधार नाही. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट ही लग्नाला अडचण धरली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द निघाला. रुग्णाचे स्वतःचे लग्न ठरवताना मात्र आजार सांगूनच ठरवावे, नाहीतर सासरी चोरून गोळ्या घेणे आणि मग चुकवणे सुरू होते. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, ज्यांनी स्वतः हा आजार सोसला, 'संवेदना'चा आधारगट उभा केला तो अशाच कुटुंबांसाठी.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषधे नीट घेतली तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात. पण दोन महिने बरे वाटले की गोळ्या बंद करणारे मला दर आठवड्याला भेटतात. गोळ्या साधारण दोन वर्षे फिटशिवाय गेल्यावर, तेही डॉक्टरच्या सांगण्यानेच, हळूहळू कमी करायच्या असतात.

आणि कोणाला समोरच फिट आली तर? कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. झटके दाबून धरू नका. आसपासचे दगड, फर्निचर सरकवा, डोक्याखाली टॉवेल द्या, कॉलर सैल करा, झटके ओसरताच कुशीवर वळवा. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

वडिलांनी वर्गणीला अजून होकार दिलेला नाही. परवा मात्र ते एकटेच आले आणि म्हणाले, कुशीवर कसे वळवायचे ते एकदा दाखवा. तपासणीच्या टेबलावर मीच आडवा झालो.