आडात आहे, पोहऱ्यात नाही

बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. पांढरं मिठाचं मैदान, वर आभाळ, खालीही आभाळ. सोबत ठरलेली ओळ : ‘जगातला सर्वांत मोठा लिथियम साठा, उद्याचा सौदी अरेबिया!’ किती ग्रुपांवर आला, मी मोजणं सोडून दिलं आहे.

सगळा घोळ ‘साठा’ या शब्दाने केला आहे. जमिनीत असेल असा अंदाज, तोही साठा. आजच्या तंत्राने, आजच्या भावात परवडेल इतकं काढता येतं, तोही साठाच. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था हे दोन हिशेब वेगळे मांडते. तिच्या २०२४च्या अहवालात पहिल्या हिशेबात २.३ कोटी टनांसह बोलिव्हिया अव्वल. दुसऱ्या तक्त्यात त्याचं नावच नाही. तिथे शेजारचा चिली ९३ लाख टनांसह पहिला.

असं का? उयुनीच्या खाऱ्या पाण्यात लिथियमच्या सुमारे वीसपट मॅग्नेशियम आहे, आणि ते वेगळं करणं खर्चाचं. चिलीच्या अताकामात हे प्रमाण बरंच कमी. शिवाय अताकामा कोरडं ठाक, तर उयुनीत डिसेंबर ते मार्च पाऊस. तो आरशासारखा फोटो त्याच पावसाच्या पाण्याचा, महाराजा! लिथियमसाठी उन्हात खारं पाणी आटवायचं असताना वरून पाऊस पडला तर काय होतं, ते मिठागरातला कोणीही आगरी सांगेल. बोलिव्हियाच्या सरकारने २००८ मध्ये काम हाती घेतलं. वर्षाला १५,००० टन लिथियम कार्बोनेट काढू शकणारा कारखाना उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला, आणि त्यानंतरही उत्पादन क्षमतेच्या फार खाली राहिलं.

अशाच फॉरवर्डांमधले आणखी तीन दावे पाहू.

‘लिथियम दुर्मीळ आहे’ : भूकवचात ते शिशापेक्षा जास्त आहे.

‘लिथियम म्हणजे वीज’ : ते वीज साठवतं, बनवत नाही. बोलिव्हियाची बरीचशी वीज नैसर्गिक वायूवर बनते आणि त्या वायूचं उत्पादन दहा वर्षं घसरतं आहे.

‘भाव चढेच राहणार’ : चीनमध्ये २०२२च्या अखेरीस टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलेलं लिथियम कार्बोनेट २०२४च्या सुरुवातीला एक लाखावर आलं होतं.

आणि बोलिव्हियाला हसण्याआधी आपलं रियासी आठवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या ५९ लाख टनांची बातमी आली, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तो आकडाही प्राथमिक अंदाजाचाच होता. पुढे लिलाव निघाला, आणि पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला.