वाटेवरची झाडं (भाग ७) : पेण ते रोहा

मागच्या भागात आपण कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेणच्या वेशीवर येऊन थांबलो होतो. आज रोह्यापर्यंत जायचं. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चहाला थांबत थांबत गेलं तरी दुपारच्या जेवणाला रोहा. या खेपेला मात्र गाडीत मी एकटा नव्हतो. कॅलिफोर्नियात राहणारी भाची सुट्टीवर आली होती, आणि वडखळ यायच्या आत तिने मला तिच्या उन्हाळी सहलीचे सगळे फोटो दाखवून टाकले.

फोटो रेडवूडचे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बरंच उत्तरेला, हम्बोल्ट परगण्यात ‘अव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ नावाचा जुना रस्ता आहे. लांबी ३१ मैल, म्हणजे पन्नास किलोमीटर. आपल्या पेण-रोह्यापेक्षा थोडी जास्त. दोन्ही अंगांना तीनशे-तीनशे फुटांची झाडं आणि मधून मधून चार दुकानं आणि एक पेट्रोल पंप एवढाच ऐवज असलेली गावं. एका फोटोत पाच जणं हातात हात गुंफून एका बुंध्याला मिठी मारायला बघत होती आणि मिठी पुरी पडत नव्हती.

“मामा, पाऊस तर इथे तिथल्यापेक्षा जास्त पडतो. मग आपल्याकडे अशी झाडं का नाहीत?”

लहान पोराने विचारावा तसा प्रश्न, पण उत्तर द्यायला मला रोह्यापर्यंतचा रस्ता लागला. अर्धं उत्तर सोपं आहे. पेण-रोह्याकडे वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत. दिवाळी झाली की आकाश कोरडं ते थेट मृगापर्यंत. रेडवूडच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाऊस नसतो हे खरं, पण समुद्रावरून रोज धुकं आत शिरतं, पानांवर साचतं आणि बुंध्याशी ठिबकतं. वर्षभराच्या पाण्यातला मोठा वाटा ही झाडं असा धुक्यातून मिळवतात. आपल्या झाडांना ती सोय नाही. तेव्हा ती निराळा मार्ग धरतात आणि पाणी संपायच्या आत पानंच गाळून टाकतात. ऐन, किंजळ, साग, सावर, पांगारा ही सगळी या जातकुळीची. वर्षातले काही महिने बिनपानांनी काढणारं झाड तीनशे फुटांच्या शर्यतीत उतरत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर झाडांचं नाही, माणसांचं आहे. ते पुढे नागोठणं सोडल्यावर.

पेणात आम्ही फार रेंगाळलो नाही. गणपतीच्या कारखान्यांवर लिहायचं तर वेगळी लेखमाला लागेल. हमरापूर-जोह्याकडे तर घराघरात मूर्ती, आणि ऐन डिसेंबरातसुद्धा पडव्यांमधून न रंगवलेले पांढरे गणपती रांगेने वाळत असतात. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली आणि निघालो. विनोबांचं जन्मगाव गागोदं याच तालुक्यातलं, पण ते आपल्या वाटेवर नाही.

पेण ते नागोठणं हा टप्पा मला आता बघवत नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला हा रस्ता म्हणजे वड, चिंच आणि आंब्यांची कमान होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर सावली आणि टपावर फांद्यांची खरखर. २०११ साली पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम निघालं आणि कमान गेली. आता मधल्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल. दोन्ही फुलतात छान. पण सावली? गाडी बंद पडली तर उभं राहायला माणूस टेम्पोची सावली शोधतो.

नागोठण्याला अंबा नदी. पावसाळ्यात हीच नदी गावात शिरते आणि बातमीत येते. इथे गावाबाहेर एक जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो १५८० च्या सुमारास बांधला, असं जुन्या कुलाबा गॅझेटिअरात नोंदलंय. रुंदी अगदी बेताची, समोरून बैलगाडी आली तर दुसऱ्याने थांबावं एवढीच. भाचीने त्यावर उभं राहून विचारलं, “हा अजून कसा टिकला?” मी म्हटलं, “रस्ता दुसरीकडून गेला म्हणून.” उत्तर पुलाचं दिलं, पण नंतर लक्षात आलं की पुढे दिवसभर झाडांबद्दलही मी तेच सांगत होतो.

नागोठण्याहून रोह्याला दोन वाटा. एक हमरस्त्याने कोलाडपर्यंत जाऊन मागे वळणारी, दुसरी थेट भिसे खिंडीतून. नव्याण्णव टक्के गाड्या पहिलीने जातात. तुम्ही दुसरी धरा. रस्ता अरुंद आहे, वळणं आहेत, पण हमरस्त्यावर हरवलेलं रान इथे दोन्ही बाजूंनी अंगावर येतं.

खिंडीच्या चढावर एका वळणाशी गाडी बाजूला घेतली. रस्त्याला लागून एक ऐन उभा होता. ऐनाची साल ओळखायला सोपी, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. उंची वीस-पंचवीस फूट, त्याहून जास्त नाही. बुंधा मात्र म्हाताऱ्याचा. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तो एकाएकी संपत होता आणि तिथे मुठीएवढ्या, नारळाएवढ्या गाठींचा एक घोळका होता. प्रत्येक गाठीतून तीन-चार सरळसोट फांद्या फुटलेल्या. उभा करून ठेवलेला जाडजूड कुंचाच. शेजारचा ऐन तसाच. त्याच्या मागची किंजळही तशीच.

गुरं घेऊन चाललेले एक बाबा आमच्याकडे बघत थांबले. भाचीने गाठीला हात लावून विचारलं, “बाबा, याला काही रोग झालाय का?”

बाबा हसले. “रोग कसला. कवळ तोडलीय त्याची. आमच्या आज्यानं तोडली, बापानं तोडली, मी पण तोडली.”

कवळ हा शब्द भाताच्या शेतकऱ्याखेरीज आता कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही, म्हणून समजावून सांगतो. कोकणात भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. माघ-फाल्गुनात शेतकरी कोयता घेऊन डोंगरावर जातो आणि ऐन-किंजळाच्या कोवळ्या फांद्या पानांसकट तोडतो. तीच कवळ. भारे बांधून ती खाली आणायची. रोपाच्या जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि हे सगळं उडू नये म्हणून वरून बारीक माती. मग उन्हाळ्यात वारा बघून पेटवायचं, तेही वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे भडका न उडता सावकाश भाजत जातं. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राख आयती मिळते. पहिल्या पावसाबरोबर त्यात बी टाकलं की रोप तरारून येतं, आणि लावणीच्या वेळी मुठी सहज उपटून निघतात.

म्हणजे पाच-दहा गुंठे रोपासाठी डोंगरावरच्या कित्येक झाडांचे हात दरसाल छाटले जायचे. झाड मरत नाही, कारण छाटलेल्या जागी ऐन पुन्हा फुटवा धरतो. पण उंच व्हायचं त्याच्या नशिबात राहत नाही. या डोंगरावरची झाडं खुजी दिसतात ती जमीन नापीक म्हणून नाही; खाली भात होतं म्हणून.

इंग्रज वनखात्याला हे रानाचं वाटोळं वाटलं आणि त्यांनी कवळीवर बंधनं आणली. त्यावर ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत एवढा गदारोळ झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. पेण आणि रोहा तेव्हा कुलाब्यातच. जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली. राबावाचून भात होतं की नाही यावर साहेब, मामलेदार आणि खोत पानंच्या पानं भांडलेत. माझ्या मते शेतकऱ्याची बाजू खरी होती, पण पूर्ण खरी नव्हती. कारण कोयत्यामागोमाग कुऱ्हाडही आली होती, आणि ती शेतकऱ्याची नव्हती.

ती कुऱ्हाड कोळशाची. स्वयंपाकाला गॅस यायच्या आधी मुंबईच्या शेगड्यांना कोळसा लागायचा आणि तो या डोंगरांतून जायचा. रानाचे कूप पाडायचे, कूप ठेकेदाराला द्यायचा, ठेकेदार कातकऱ्यांना भट्टीवर बसवायचा. गंमत म्हणजे कातकरी हे नावच एका झाडावरून आलंय. खैराचं लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी. ज्यांना रान पाठ होतं त्यांच्याच हातून ते जाळून घेतलं गेलं. आजही पावसाळा सरला की इथल्या वाड्यांमधली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, आणि वाडीत म्हातारी माणसं उरतात. २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी आहे. रान कोणाचं, हा वाद या भागात किती खोल गेलेला आहे याची ती खूण.

बाबांना विचारलं, आता राब भाजता का? “आता खताची गोण येते. पोरांना कवळ तोडाया वेळ कुठं.” नीट पाहिलं तर ते दिसतही होतं. गाठींतून निघालेल्या फांद्या आता मनगटाएवढ्या जाड झाल्या होत्या. बरीच वर्षं त्यांना कोणी हात लावला नसावा.

खिंड उतरलं की मेढा, आणि उजव्या-डाव्या खुणा विचारत बसायची गरज नाही. डोंगरावर अवचितगड दिसतोच. गडावर बारा कोनांचा एक तलाव आहे, तो पाहण्यासारखा. पण मी भाचीला थांबवलं ते गडाच्या रानासाठी. याच डोंगररांगेत, याच पावसात, इथली झाडं मात्र उंच. चढ अवघड, पाणी नेलं तर आपलं आपण नेलेलं, भारा घेऊन उतरायचं तर गुडघे जायचे. म्हणून कोयता इथवर कमी पोचला.

रोहा कुंडलिकेच्या काठी. चिंतामणराव देशमुखांचं आणि पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं गाव, ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याला धावीरांच्या पालखीला पोलिसांची सलामी असते. गावाला लागून धाटावची रासायनिक वसाहत. जेवून आम्ही नदीवर गेलो. मे महिन्यातही कुंडलिका वाहती असते ती मुळशीच्या कृपेने. घाटावर अडवलेलं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज झाली की नदीत सोडलं जातं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. त्या पाण्यापायी बुडालेल्या गावांची आणि सेनापती बापटांच्या सत्याग्रहाची गोष्ट पुढच्या भागात.

भाचीच्या प्रश्नाला पुरं उत्तर फणसाडच्या बाजूला मिळतं. रोहा आणि मुरूड तालुक्यांच्या मधल्या डोंगरावर हे अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. त्याआधी ती जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा. नवाबाला सांबर हवं होतं, त्यासाठी रान हवं होतं. म्हणून तिथे कूप पडले नाहीत. आज आत गेलात तर शेकरूची घरटी दिसतील. पाणवठ्यांना इथले लोक ‘गाण’ म्हणतात, तिथे पहाटे बसलात तर आणखीही काही. आणि गारंबी. अनेकांना हे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळेच माहीत असतं. पण गारंबी ही एक अजस्र वेल आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर अशी ती अजगरासारखी जाते आणि तिची शेंग हातभराहून लांब असते. एवढी वेल पेलायची तर रान जुनंच लागतं.

नवाब नसेल तिथे देव. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून नोंदवल्या. त्यात श्रीवर्धन तालुक्यातलं गाणी हे गाव आहे. तिथली काळकाईची राई तोडीला निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्तकांना गाठलं. गावाला पाणी देणारा ओहोळ त्या राईतूनच निघत होता. रदबदली झाली आणि तोड थांबली.

“आणि रेडवूड? ती आपोआप राहिली?” भाचीला विचारलं. तिने माहिती काढून वाचून दाखवली. सोन्याच्या शोधात माणसं गेली तेव्हापासून कुऱ्हाड चालली. जुन्या रेडवूडपैकी आज जेमतेम पाच टक्के उभी आहेत. १९१८ साली ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ स्थापन झाली, वर्गणी जमवून लाकूड कंपन्यांकडून झाडं चक्क विकत घेतली गेली. म्हणून तिथल्या रानांना देणगीदारांची नावं, रॉकफेलर फॉरेस्ट वगैरे. त्यांच्याकडे रॉकफेलर, आपल्याकडे काळकाई आणि नवाब. वर्गणी मात्र आपण झाडासाठी अजून काढलेली नाही.

परतताना भाचीने पुन्हा खिंडीत गाडी थांबवायला लावली आणि त्या गाठीगाठींच्या ऐनाचा फोटो काढला. ऊन उतरतीला होतं. रेडवूडचं खोड तांबडं. आपल्याकडे लाली मोसमाने येते. दिवाळीच्या पुढेमागे किंजळीच्या फळांनी हे डोंगर तांबूस होतात, आणि शिमग्याच्या सुमाराला कोशिंबाची नवी पालवी एवढी लाल असते की लांबून फुलंच वाटावीत. जायचं तर या दोन्हींपैकी एका वेळी जा, आणि नागोठण्याहून भिसे खिंडीनेच जा.

आणखी एक काम सांगतो. तुमच्या गावच्या वेशीवर, देवळामागे किंवा शाळेच्या आवारात जुनं झाड असेल तर जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळून त्याचा घेर मोजा. झाडाचं गावात चालणारं नाव, घेर आणि ते आजवर कोणी, कशासाठी राखलं एवढं एका पोस्टकार्डावर लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. शेवटच्या भागात त्यांची यादी छापू.