मार दुबेला, बळी राणाला

राहूबेटातल्या टेनिसबॉलच्या मैदानावर कुणाला लागलं तर दोन्ही कॅप्टन जागेवरच ठरवतात : बदली फील्डिंग करेल, बोलिंग नाही. क्रिकेटचा जुना कायदाही हाच होता. २०१९मध्ये आयसीसीने त्याला एक अपवाद केला : डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसला, तर बदली खेळाडूला सगळं करता येईल.

याच पुणे जिल्ह्यात, गहुंज्याला, ३१ जानेवारी २०२५च्या भारत-इंग्लंड टी-ट्वेंटीत या अपवादाची परीक्षा झाली. शिवम दुबेने ५३ केले. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू हेल्मेटवर आदळला, तरी तो डाव संपेपर्यंत खेळला. मध्यंतरात डोकं दुखू लागलं. त्याच्या जागी वेगवान गोलंदाज हर्षित राणाला उतरवायचं ठरलं. राणा तेव्हा जेवत होता, असं भारताचे गोलंदाजी प्रशिक्षक मॉर्ने मॉर्केल यांनी नंतर सांगितलं. ताटावरून उठलेल्या हर्षितने पदार्पणातच ३३ धावांत ३ बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला आणि मालिकाही खिशात गेली. इंग्लंडचा कर्णधार जॉस बटलर खवचटपणे म्हणाला, एक तर दुबेचा वेग ताशी २५ मैलांनी वाढला असावा, नाही तर हर्षितची बॅटिंग सुधारली असावी.

गावसकरांचा आक्षेप आणखी मुळाशी होता : दुबे शेवटपर्यंत खेळला, म्हणजे हादरा बसलाच नव्हता. इथे मला गावसकर पटत नाहीत. त्रास उशिरा सुरू होऊ शकतो. २०१९ला लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू लागल्यावर स्टीव्ह स्मिथ पुन्हा बॅटिंगला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटेना, तेव्हा त्याच्या जागी लाबुशेन आला. डॉक्टरवर संशय घ्यायला लागलो, तर उद्या एखादा पोरगा दुखणं लपवून खेळेल.

पळवाट आहे ती पुढच्या पायरीवर. बदली ‘तसाच’ हवा आणि त्याच्यामुळे संघाचा वाजवीपेक्षा फायदा होता कामा नये, असं नियम म्हणतो. निकाल सामनाधिकाऱ्याचा, त्यावर अपील नाही. उरलेल्या सामन्यात दुबेचं काम काय असतं, तर फील्डिंग आणि फार तर एखाद-दोन मध्यमगती षटकं. त्याच्या जागी पूर्ण चार षटकं टाकणारा वेगवान गोलंदाज! २०२०ला कॅनबेरात जडेजाऐवजी आलेल्या चहलने तीन बळी घेतले, तेव्हाही ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जस्टिन लँगर सामनाधिकाऱ्यांशी हुज्जत घालत होते. पण निदान दोघे फिरकीपटू तरी होते.

गंमत पुढेच आहे. २ फेब्रुवारीला वानखेडेवर दुबे खेळला, वर दोन बळीही घेतले. आता ते जमणार नाही. २०२५च्या मध्यापासून हादरा बसलेल्या खेळाडूला किमान सात दिवस सक्तीची विश्रांती आहे. लबाडी करायचीच तर पुढच्या सामन्यांवर पाणी सोडावं लागेल. शिवाय यष्टिरक्षक, फलंदाज, वेगवान, फिरकी आणि अष्टपैलू अशा पाच बदलींची नावं सामन्याआधीच द्यावी लागतात. मात्र बदली गोलंदाजाने षटकं किती टाकायची, हे अजूनही सामनाधिकाऱ्याच्याच मर्जीवर आहे.