जीपीयूचे कुंपण कोण घालते?

विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या सामायिक क्लस्टरमध्ये एका सर्व्हरवर बहुधा ४ किंवा ८ जीपीयू असतात आणि त्यांवर हक्क सांगणारे कितीतरी जास्त. कामांचे (जॉबचे) वाटप करणाऱ्या स्लर्म या प्रणालीने एका जॉबला २ जीपीयू दिलेले असतात, तरी त्यांवर परके काम चालू सापडते, मेमरी अचानक संपते आणि कित्येक तासांचे प्रशिक्षण अर्ध्यावर कोसळते. अशा वेळी शोध भलत्या टोकाकडून सुरू होतो, कारण वाटप आणि अटकाव या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. कोणता जीपीयू कोणाचा, हे स्लर्म ठरवते. परक्याला तिथे पाऊल टाकू न देण्याचे काम मात्र लिनक्सचा कर्नलच करू शकतो. पुढचे सगळे गैरसमज हा फरक नजरेआड झाल्यामुळे होतात.

गैरसमज : ‘कुडा_व्हिजिबल_डिव्हाइसेस’ सेट झाले की जॉब आपल्या जीपीयूपुरता राहतो.

वस्तुस्थिती : हे केवळ एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. जीपीयूवर काम चालवणारी एनव्हिडियाची कुडा लायब्ररी ते मानते, पण प्रोग्रॅममधल्या एका ओळीने ते बदलता येते. दुसऱ्या मशीनसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘०’ पक्का लिहिलेला असेल, तर स्लर्मने पाचवा जीपीयू देऊनही काम पहिल्यावर जाऊन बसते. खरे कुंपण सीग्रुपचे, म्हणजे प्रक्रियांचे गट करून त्यांच्यावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीचे असते. लिनक्समध्ये प्रत्येक जीपीयूची एक डिव्हाइस फाइल असते आणि जॉबच्या सीग्रुपला परवानगी नसेल, तर कर्नल ती फाइल उघडूच देत नाही. त्यासाठी ‘टास्कप्लगइन’मध्ये ‘टास्क/सीग्रुप’ हवे, ‘सीग्रुप.कॉन्फ’मध्ये ‘कन्स्ट्रेनडिव्हाइसेस=यस’ हवे, आणि जीपीयूंच्या डिव्हाइस फाइली ‘ग्रेस.कॉन्फ’मधून किंवा ‘ऑटोडिटेक्ट’मुळे स्लर्मला ठाऊक हव्यात. यांतले एक राहिले तरी वाटप सुरळीत दिसते, अटकाव मात्र होत नाही. याची परीक्षा सोपी आहे. जीपीयूंची यादी दाखवणारे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ हे साधन वरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलकडे पाहतच नाही. जॉबच्या आत ते चालवल्यावर वाट्याला आलेले जीपीयूच दिसले तर अटकाव आहे, सर्व्हरवरचे सगळे दिसले तर नाही.

गैरसमज : दोन जॉबना जीपीयू ‘०’ दिसतो, म्हणजे दोघेही एकाच जीपीयूवर आहेत.

वस्तुस्थिती : बहुतेकदा ही अटकाव नीट चालल्याची खूण असते. जॉबला जेवढे जीपीयू दिसतात, तेवढ्यांचीच मोजणी ० पासून होते. त्यामुळे एकाचा ‘०’ आणि दुसऱ्याचा ‘०’ वेगळे असतात. शिवाय कुडा सर्वांत वेगवान जीपीयू आधी मोजते, तर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ पीसीआय बसच्या क्रमाने जाते, म्हणून निरनिराळ्या मॉडेलांच्या सर्व्हरवर दोघांचे आकडे जुळत नाहीत. क्रमांकावरून भांडण्यापेक्षा दोन्ही जॉबमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय -एल’ चालवून प्रत्येक जीपीयूची स्वतंत्र ओळख असलेले यूयूआयडी ताडून पाहावेत.

गैरसमज : नव्या सर्व्हरवर ‘डिव्हाइसेस.लिस्ट’ सापडत नाही, म्हणजे नियमच लागू झालेले नाहीत.

वस्तुस्थिती : ही फाइल सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीतली. उबुंटू २२.०४ आणि रेड हॅट ९ यांत दुसरी आवृत्ती मुळातच चालू असते. तिच्यात उपकरणांचे नियम फाइलमध्ये राहत नाहीत, कर्नलमध्येच चालणाऱ्या ईबीपीएफ प्रोग्रॅमच्या रूपात सीग्रुपला जोडलेले असतात आणि ‘बीपीएफटूल’ने पाहता येतात. स्लर्मला या आवृत्तीचा आधार २२.०५ पासून मिळाला. त्याआधीचे स्लर्म नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवले असेल, तर मात्र शंका रास्त आहे.

गैरसमज : कंटेनर आहे, म्हणजे काम आपोआप वेगळे राहते.

वस्तुस्थिती : डॉकरचा कंटेनर जॉबच्या प्रक्रियेतून जन्मत नाही, तो डॉकरचा डीमन सुरू करतो, जॉबच्या सीग्रुपबाहेर. तिथे ‘--जीपीयूज ऑल’ म्हटले की सर्व्हरवरचे सारे जीपीयू खुले होतात. ॲपटेनर हे दुसरे कंटेनर-साधन वापरकर्त्याच्याच प्रक्रियेखाली चालते, म्हणून कुंपणात राहते. एसएसएचने थेट सर्व्हरवर उतरणाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. ‘पॅम_स्लर्म_ॲडॉप्ट’ बसवले असेल तरच ते सत्र त्याच्या जॉबच्या सीग्रुपमध्ये घेतले जाते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ओळखीच्या माणसांच्या छोट्या प्रयोगशाळेत एवढा बंदोबस्त कशाला? पण वर पाहिलेल्या स्क्रिप्टमागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. विश्वास माणसांवर ठेवता येतो, विसरलेल्या ओळीवर नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अटकावामुळे एकाच जॉबमधल्या प्रक्रियांना एकमेकींचे जीपीयू दिसेनासे होतात आणि जीपीयूंमध्ये माहिती पोहोचवणाऱ्या एनसीसीएल या लायब्ररीचा थेट संवाद बिघडतो. हे खरोखर घडते, पण त्याचे कारण बहुधा ‘--जीपीयूज-पर-टास्क’सारखा पर्याय असतो, जो जॉबच्या आतही विभागणी करतो. जीपीयू संपूर्ण जॉबसाठी मागावेत आणि ‘--जीपीयू-बाइंड=नन’ वापरावे. दोन जॉबांमधला अटकाव त्याने सैल होत नाही. म्हणून तक्रार आली की आधी तीन प्रश्न विचारावेत : ही प्रक्रिया कोणत्या सीग्रुपमध्ये आहे, तिला कोणत्या यूयूआयडीचा जीपीयू दिसतो, आणि न दिलेली डिव्हाइस फाइल ती उघडू शकते का? स्लर्मच्या नोंदींत यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते कर्नलकडूनच घ्यावे लागते.