समुद्रापासून दूर, पाण्याच्या काठी : नांदेड–लातूरच्या पाणथळ जागा आणि आपण

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. येथील अनेकांनी समुद्र चित्रातच पाहिलेला असतो. तरीही या भागातील माणसांनी आपल्या मोठ्या जलाशयांना समुद्राचेच नाव दिले आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथील राष्ट्रकूटकालीन तलाव 'जगत्तुंग समुद्र' म्हणून ओळखला जातो. नांदेड शहरालगत विष्णुपुरी येथे गोदावरीवर बांधलेला जलाशय 'शंकरसागर', तर त्याच नदीवर पैठणला असलेला जलाशय 'नाथसागर' होय. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील माणसाला पाण्याचे मोल किती वाटते, हे या नावांवरून कळते. मात्र नाव देण्याइतके मोल वाटणे आणि त्या पाण्याशी रोजचे नाते राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात याच नात्याचा विचार करावयाचा आहे.

पाणथळ जागा म्हणजे काय?

पाणथळ जागा म्हटले की खारफुटीचे जंगल किंवा खाडीकाठचा चिखल डोळ्यांसमोर येतो. वास्तविक ही संकल्पना खूपच व्यापक आहे. दि. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या कास्पियन समुद्राकाठच्या शहरात पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सहभागी झाला. या करारानुसार दलदल, नदी, सरोवर, खाडी, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेला समुद्राचा भाग, तसेच माणसाने निर्माण केलेले तलाव व धरणांचे जलाशय या सर्वांचा समावेश पाणथळ जागांमध्ये होतो. महाराष्ट्रातील नांदूरमध्यमेश्वर, लोणार सरोवर आणि ठाणे खाडी यांची नोंद रामसर यादीत झाली आहे. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एकही जागा त्या यादीत नाही. परंतु व्याख्येच्या दृष्टीने पाहिल्यास गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड या नद्यांचे डोह आणि गावोगावचे पाझर तलाव या सर्व पाणथळ जागाच आहेत.

मराठवाड्याची जमीन बेसॉल्ट खडकावर वसलेली आहे. हा कठीण खडक सर्वत्र पाणी मुरू देत नाही. जेथे तो झिजलेला व भेगाळलेला आहे, तेथेच पाणी खाली उतरते. म्हणून पावसाचे पाणी काही काळ अडवून धरणारा तलाव किंवा डोह हा आसपासच्या विहिरींचा आधार असतो. काठावरील पाणकणीस, लव्हाळा यांसारख्या वनस्पती गाळ अडवतात आणि पाण्यात मिसळलेली काही घाण शोषून घेतात. मोठा पूर आला तर मोकळे नदीकाठ त्याचा वेग कमी करतात. ही कामे विनामूल्य होत असल्यामुळे त्यांची किंमत आपल्या लक्षात येत नाही.

नात्याचे चार धागे

माणूस पाणथळ जागेला मोल देतो, ते साधारणपणे चार प्रकारांनी.

पहिला धागा उपजीविकेचा आहे. भोई व कोळी समाजातील कुटुंबे नदी आणि तलावांतील मासेमारीवर जगत आली. आज अनेक तलावांवर मच्छीमार सहकारी संस्था हा व्यवसाय करतात. धरणाचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या सुपीक गाळात पीक घेतले जाते. त्यास 'गाळपेर' म्हणतात. ज्यांची शेती धरणात गेली, त्यांच्यापैकी काहींना अशा गाळपेर जमिनीचाच आधार असतो. नदीपात्रातील वाळूत उन्हाळी टरबूज–खरबुजाच्या वाड्या लावणारे शेतकरी, तलावाची माती नेणारे कुंभार हेही याच धाग्याने पाण्याशी बांधलेले आहेत.

दुसरा धागा श्रद्धेचा आहे. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे दररोज गोदावरीचे पाणी घागरीतून नेण्याची परंपरा आहे. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या 'तख्त स्नान' सोहळ्यात असंख्य भाविक नदीवरून पाणी आणून तख्त धुतात. हिंदू बांधव पर्वकाळी गोदावरीच्या घाटांवर स्नान करतात. आपणा ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतही बाप्तिस्म्याचे पाणी हेच नवजीवनाचे चिन्ह आहे.

तिसरा धागा ज्ञानाचा आहे. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला होणार, असा अंदाज जुने शेतकरी बांधत. हा अंदाज दरवेळी खरा ठरतो असे नाही. परंतु तो बांधण्यासाठी माणसाला काठावर जाऊन पक्ष्याकडे लक्ष द्यावे लागत असे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चक्रवाक, वर्षभर दिसणारे बगळे, पाणकावळे आणि खंड्या यांची ओळख याच सहवासातून होत असे.

चौथा धागा आठवणींचा आहे. पोहायला शिकलेला डोह, पोळ्याला बैल धुतलेला ओढा, कपडे धुताना झालेल्या गप्पा यांची किंमत पैशांत होत नाही. मात्र एखादा तलाव बुजला की गावातील वृद्धांना प्रथम याच गोष्टींची हळहळ वाटते.

नळाचे पाणी आणि नदीचा विसर

गेल्या काही दशकांत हे चारही धागे सैल झाले. याचे एक कारण चांगलेच आहे. घरात नळ आला, स्त्रियांच्या डोक्यावरील हंडे उतरले. ही मोठी सुधारणा आहे आणि कोणीही मागे जाण्याची इच्छा धरू नये. परंतु नळ आला तेव्हा पाणी कोठून येते हा प्रश्न मात्र घरातून निघून गेला. नदीपात्रातून वाळू उपसली गेली, तशा वाड्याही गेल्या. विंधन विहिरी शेकडो फूट खोल गेल्या आणि तलाव निरुपयोगी वाटू लागला. जी जागा कोणाच्याच रोजच्या उपयोगाची नाही, ती हळूहळू कचरा टाकण्याची जागा बनते.

लातूर शहराने याची किंमत २०१६ साली मोजली. शहराला पाणी पुरवणारे, बीड जिल्ह्यातील धनेगाव येथील मांजरा धरण सलग दुष्काळांमुळे कोरडे पडले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले. दि. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. ऑगस्टपर्यंत या फेऱ्या चालू होत्या. पाऊस कमी पडला हे खरे. पण उसासारख्या पिकाला दिलेले पाणी, बेसुमार उपसा आणि गाळाने भरलेली पात्रे ही कारणेही तितकीच खरी होती.

याच वर्षी लातूरकरांनी एक वेगळी गोष्टही केली. 'जलयुक्त लातूर' या लोकचळवळीतून नागरिकांनी वर्गणी जमवली आणि मांजरा नदीच्या साई ते नागझरी या सुमारे १८ किलोमीटरच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले. पात्र किती खोल करावे, याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद असतात, कारण यंत्राने अति खोदल्यास नदीचे काठ आणि तेथील जीवसृष्टी यांना धक्का बसतो. परंतु नळाची तोटी उघडण्यापलीकडे ज्यांचा नदीशी संबंध उरला नव्हता, ती माणसे या निमित्ताने पुन्हा नदीकाठी उभी राहिली.

गोदावरीची स्थितीही चिंताजनक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी दिली, तीत गोदावरीचा नाशिकजवळील सोमेश्वरपासून नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंतचा पट्टा आहे. जिचे पाणी आपण पवित्र मानतो, तिच्यातच आपल्या नाल्यांचे सांडपाणी सोडतो. श्रद्धेचा धागा टिकला, पण ज्ञानाचा तुटला, म्हणजे असे घडते.

कायद्याच्या व्याख्येबाहेर

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात घेतली पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतील व्याख्येतून नदीची पात्रे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. मराठवाड्यातील बहुतेक तलाव सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलेले आहेत. म्हणजे रामसर करार ज्यांना पाणथळ म्हणतो, त्यांपैकी आपल्याकडील बहुतेक जागांना या नियमांचे संरक्षण नाही. प्रदूषणासंबंधीचे इतर कायदे लागू आहेतच. परंतु तलावाचा काठ, त्यावरील पक्षी आणि गवत यांची काळजी घेण्याची जबाबदारी प्रामुख्याने काठावरील माणसांवरच येते. त्यांना ती जागा आपली वाटली तरच ती राहील.

वसईच्या बावखलांचा अनुभव

आपल्या किनारपट्टीवरील बांधवांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. वसईतील वाड्यांमध्ये 'बावखल' नावाची गोड्या पाण्याची तळी आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी खारे होण्यापासून वाचवते. शेती–बागायत मागे पडली, बांधकामे वाढली, तशी कित्येक बावखले बुजवली गेली. अलीकडच्या काळात तेथील तरुणांनी काही बावखले स्वच्छ करून पुन्हा वापरात आणली आहेत. समुद्राकाठी असो वा बालाघाटाच्या पायथ्याशी, पाण्याचा उपयोग थांबला की ओळख जाते, आणि ओळख गेली की जागाही जाते.

प्रवाहाखालचे शेजारी

आपले पाणी आपल्यापाशी संपत नाही. बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा लातूर, कर्नाटक, तेलंगणा असा प्रवास करून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीस मिळते. गोदावरी पुढे आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तेथे काकीनाड्याजवळ कोरिंगा येथे विस्तीर्ण खारफुटीचे जंगल आहे. नांदेडच्या घाटावरून वाहिलेला गाळ आणि घाण दोन्ही त्याच दिशेने जातात. समुद्र न पाहिलेल्या माणसाचाही किनाऱ्याशी असा संबंध असतो.

धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण याच संदर्भात पाहता येईल. दि. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. नांदेडच्या शेतकऱ्यांना पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी पाहून वाईट वाटते, ते स्वाभाविक आहे. तथापि खालच्या बाजूला राहणाऱ्यांचाही त्याच नदीवर हक्क आहे.

आपण काय करू शकतो?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले. दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळला जातो. आपल्याकडे याच दिवसांत तलाव भरत असतात. या काळात प्रत्येक कुटुंबाने आपल्या नळाचे पाणी कोणत्या नदीतून अथवा तलावातून येते, हे शोधून मुलांना ती जागा दाखवावी.

ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता कायदा २००२ नुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या गावातील तलाव, डोह, तेथील मासे, पक्षी आणि वनस्पती यांची नोंद या वहीत आहे काय, हे ग्रामसभेत विचारता येते. नोंद करताना भोई बांधव आणि वृद्ध स्त्रिया यांना अवश्य बोलवावे, कारण त्यांच्याजवळचे ज्ञान अन्यत्र लिहिलेले नाही. २ फेब्रुवारी या जागतिक पाणथळ दिनी शाळांनी मुलांना जवळच्या तलावावर नेऊन पक्ष्यांची गणती करण्यास हरकत नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या शासकीय योजनेतून गाळ काढताना काठावरील गवताळ पट्टा राखावा, असा आग्रह शेतकऱ्यांनी धरावा.

ही कामे लहान आहेत आणि त्यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही. ज्या तलावाची नावे, मासे, पाखरे आणि गोष्टी गावाला ठाऊक आहेत, तो तलाव बुजवायला निघालेल्या माणसाला अडवणारे कोणीतरी त्या गावात असते. येत्या उन्हाळ्यात पाणी आटण्यापूर्वी आपल्या गावच्या तलावाची एवढी ओळख आपण करून घेऊ या.