दुष्काळानंतर कुरणाची जपणूक

अवर्षणानें पीक गेलें तर तें नुकसान तत्काळ दिसतें. कुरण बिघडलेलें मात्र फार उशिरां ध्यानांत येतें. म्हणून दख्खनच्या कमी पावसाच्या मुलखांतील माळरानें टोकाचें हवामान कशीं सोसतात, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

या माळांवरील पवना, मारवेल हीं चांगलीं गवतें बहुवर्षायु आहेत. उन्हाळ्यांत पातीं वाळतात, तरी ठोंब मरत नाहीं. त्याच्या बुडाशीं डोळे जिवंत असतात व पावसाळ्यांत पानांनीं तयार केलेलें अन्न बुडख्यांत व मुळांत सांठलेलें असतें. मृगाची सर पडतांच त्याच शिलकेवर नवे फुटवे येतात. कुसळी गवताची तऱ्हा निराळी. त्याच्या दाण्याचें कुसळ ओलाव्यानें उलगडतें, वाळतांना पुन्हां पिळतें, आणि दाणा मातींत शिरतो.

अतिवृष्टींतही हींच गवतें माळ राखतात. ऑक्टोबर २०२० मध्यें सोलापूर जिल्ह्यांत झाला तसा पाऊस कोसळला असतां उघडी माती वाहून जाते. ठोंबांनीं झांकलेल्या जमिनीवर पाण्याचा वेग मोडतो व पुष्कळसें पाणी मुरतें.

परंतु या शक्तीसही मर्यादा आहे. १९७२ सारख्या दुष्काळानंतर भुकेलीं गुरें पहिल्याच हिरवळीवर सोडण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. त्याच वेळीं ठोंबाची शिल्लक खर्ची पडलेली असते व कोंवळीं पानें पुरेसें अन्न करूं लागलेलीं नसतात. तीं खुडलीं गेलीं कीं दुसऱ्या फुटीस भांडवल उरत नाहीं. असें वरचेवर झालें म्हणजे चांगलीं गवतें हटतात, हलकीं एकवर्षायु गवतें माजतात, जमीन खुरांखालीं घट्ट होते, आणि पाऊस चांगला होऊनही वैरण मिळत नाहीं.

यास्तव आमच्या सूचना अशा :

(१) पहिल्या पावसानंतर निदान दीड-दोन महिने कुरणांत गुरें सोडूं नयेत. तेवढ्या दिवसांपुरता कडबा आधींच निराळा काढून ठेवावा.

(२) कुरणाचे चार भाग करून दरसाल एक भाग बीं पडेपर्यंत राखावा.

(३) साधारण निम्में गवत शिल्लक असतांनाच गुरें पुढील भागांत हलवावीं.

गायरान सामाईक असल्यास एकट्यानें आपलीं गुरें बांधून ठेवण्यांत अर्थ नाहीं. एकाचें राखलेलें दुसऱ्याचीं गुरें खातील. तेव्हां मृगापूर्वींच सर्व गांवकऱ्यांनीं एकत्र बसून चराईबंदीचा ठराव करावा व तो सर्वांनीं सारखा पाळावा, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंति आहे.