शिळेवरचे रणांगण : अमेरिकेच्या जुन्या युद्धचित्रांची पारख

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले; पण त्याची रंगीत चित्रे मोठ्या प्रमाणावर छापली जाऊ लागली ती सुमारे वीस वर्षांनी. शिकागोच्या ‘कुर्झ अँड ॲलिसन’ या मुद्रणसंस्थेने १८८४ पासून दहा वर्षांत या युद्धातील प्रसंगांची ३६ चित्रे प्रसिद्ध केली. बोस्टनचे मुद्रक लुई प्रँग यांनीही त्याच दशकात १८ चित्रांची मालिका काढली. आज संग्राहक ज्यांच्या शोधात असतात, ती प्रामुख्याने हीच चित्रे होत.

ती शिळाछापाची आहेत. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि शिळा ओली करायची. पाणी मोकळ्या जागी टिकते, तर शाई तेलकट रेषांनाच धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते आणि कागद दर वेळी नेमक्या त्याच जागी बसवावा लागतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून देवादिकांची जी चित्रे घरोघरी पोहोचली, ती याच तंत्राची.

अस्सल प्रत ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे साधे भिंग. शिळाछापात रंगाचे कण अनियमित, खडूच्या दाण्यांसारखे दिसतात. विसाव्या शतकातील पुनर्मुद्रणांत बहुधा ठिपक्यांची आखीव जाळी आढळते. समासातील प्रकाशकाचे नाव आणि वर्ष अवश्य पाहावे. पण त्यावर विसंबू नये, कारण नकलेत तो मजकूरही जसाच्या तसा उतरतो. चौकटीत बसवण्यासाठी समास कापलेल्या प्रतीचे मोल घटते.

मात्र अस्सल चित्र म्हणजे खरा प्रसंग नव्हे. कुर्झ यांच्या चित्रांत सैन्याच्या रांगा नाटकातल्यासारख्या सरळ उभ्या असतात. प्रँग यांचे चित्रकार थुर द थुलस्ट्रुप यांचा भर तुलनेने तपशिलांवर होता. दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट वॅग्नरवर १८ जुलै १८६३ रोजी झालेला हल्ला दिवस मावळताना सुरू झाला होता. कुर्झ यांच्या १८९० च्या चित्रात मात्र एकेक सैनिक स्वच्छ दिसतो. तरीही हे चित्र मोलाचे आहे. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे कृष्णवर्णीय सैनिक त्यात तटावर चढताना दिसतात आणि त्यांचे सेनानी कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तटावरच कोसळतात. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या सैनिकांचे हक्क दक्षिणेकडील राज्यांत हिरावले जात असतानाच त्यांचे शौर्य दाखवणारे हे चित्र विक्रीला आले. म्हणूनच ते १८६३ च्या रणांगणाइतकेच १८९० च्या अमेरिकेबद्दलही सांगते.

अशी चित्रे जपणे मुख्यतः प्रकाश, दमटपणा आणि आम्ल यांपासून दूर ठेवण्यावर अवलंबून असते. उन्हाने रंग उडतात. पाठीमागचा हलका पुठ्ठा कागदाला पिवळा व ठिसूळ करतो. चित्र पुठ्ठ्याला चिकटवू नये, आम्लरहित पुठ्ठा वापरावा आणि काच कागदाला टेकू देऊ नये. फाटलेली कड घरी गोंदाने जोडण्यापेक्षा कागदसंवर्धन जाणणाऱ्याकडे सोपवावी. रंग एकदा उडाला, की तो परत आणता येत नाही.